गच्चीवरच्या कुंड्यांत आच्छादन आणि घरात उकरणारा कुत्रा

प्रश्न
मार्च लागला की कुंड्या दुपारपर्यंत कोरड्याठाक पडतात, म्हणून आच्छादन करायचंय. घरात 14 महिन्यांचा बीगल आहे, सगळं उकरतो आणि चावतो. नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट की पालापाचोळा? मातीत एरंडी पेंड (बीतलं तेल काढल्यावर उरलेला चोथा) आणि बोनमील (हाडांचा चुरा) मिसळलंय, त्याचं काय?

उत्तर 1
आधी त्या पेंडीचं बघा. एरंडीच्या बीतलं रायसिन हे विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. पेंडीवर उष्णतेची नीट प्रक्रिया झालेली नसेल तर ती विषारीच. वर बोनमीलचा वास, म्हणजे कुत्र्याला तो खाऊच वाटणार. लक्षणं लगेच दिसत नाहीत, घात तिथेच होतो. उलट्या, रक्ताचे जुलाब, मलूलपणा काही तासांनी सुरू होतो, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. रायसिनला उतारा नाही. त्यामुळे पेंड खाल्ल्याचं कळलं की कुत्रा ठणठणीत दिसत असला तरी पेंडीची पिशवी घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मिठाचीच विषबाधा होते.
पेंड मिसळलेली माती त्याच्या तोंडाला येणाऱ्या कुंड्यांतून काढून टाका. तिथे गांडूळखत घाला.

उत्तर 2
तिघांत पाचट बरं. पात्याच्या कडा कापतात, म्हणून 2-3 इंचांचे तुकडे करून दिवसभर भिजवा. थर 2 इंच, खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी.
शेंड्या नकोत. लांब धागे गिळले तर आतडं अडतं. कोकोपीटची (नारळाच्या सालाच्या भुशाची) कोरडी वीटही उघडी ठेवू नका, पोटात पाणी शोषून फुगते.
पालापाचोळा सोसायटीतून आणणार असाल तर कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) वेचून काढा. कण्हेरीचं पान लांबट, चिवट, मधली शीर ठळक. पान वाळलं तरी विष जात नाही, आणि ते थेट हृदयावर काम करतं.

प्रश्नकर्ता
पाचटाखाली पांढरी बुरशी आली तर?

उत्तर 3
पाचट कुजताना पांढरे तंतू येतातच, थर हलवून वाळू द्या. भीती आहे ती आच्छादनाखाली दडपलेल्या स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याची. बुरशी आलेला पाव, शेंगदाणे खाल्ले तर कुत्र्याला थरथर सुटते, झटके येतात. पावसाळ्यात गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही टाकू नका, त्या कुत्र्यालाही विषारी; गोगलगायी संध्याकाळी हातानं वेचा.
उकरणं थांबवायला आच्छादनावर अर्धा इंची वेल्डमेश (तारेची जाळी) गोल कापून बसवा. मधे खोडापुरतं भोक, आणि तारेची टोकं पक्कडीनं खाली वळवा, नाहीतर पंजा फाटेल.