अंजनेरीच्या कंदीलपुष्पाचं कूळ कोणतं? बेंथम-हूकर आता पुरे!

गंगापूररोडकर:
कंदीलपुष्पाचं शास्त्रीय नाव सिरोपेजिया अंजनेरिका. 2006 मध्ये नाव मिळालं तेही आपल्याच, नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराचं. भाचीने प्रॅक्टिकलच्या वहीत कूळ अ‍ॅपोसायनेसी लिहिलं, तर लाल रेघ मारून अ‍ॅस्क्लेपिएडेसी करायला लावलं! का, तर अभ्यासक्रमात बेंथम-हूकर आहे. 1862 ते 1883 मध्ये छापलेली वनस्पती-वर्गीकरणाची पद्धत. तिच्यात सायकस, पाइन ही अनावृत्तबीजी (बी फळात न झाकलेली) मंडळी द्विदल आणि एकदल यांच्या मधोमध कोंबलेली, म्हणजे एकीकडे आंबा, दुसरीकडे नारळ आणि मध्ये पाइन. हूकर डार्विनचा जिवलग मित्र, तरी वर्गीकरणात उत्क्रांतीचा पत्ता नाही. डीएनएवर बेतलेली एपीजी ही वर्गीकरण पद्धत 1998 पासून आहे, 2016 ला चौथी आवृत्तीही आली. रुई, कंदीलपुष्प केव्हाच करवंदाच्या कुळात, म्हणजे अ‍ॅपोसायनेसीत गेली. जुनंच किती उगाळायचं?

निवृत्त मास्तर:
डोंगरावर डीएनए कसा वाचणार, ते सांगा आधी. रुईचं फूल घ्या. मधल्या पाचकोनी भागाच्या कडेच्या खाचेत सुई घालून अलगद वर ओढा. इवलासा काळपट ठिपका आणि त्याला लटकलेल्या परागांच्या दोन पिवळ्या थैल्या बाहेर येतील. करवंदात असं काही नाही, पराग सुटे. हा फरक साध्या भिंगातून दिसतो. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने 1810 मध्ये रुईचं अ‍ॅस्क्लेपिएडेसी कूळ वेगळं काढलं ते उगीच नाही. शिवाय कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची नोंद असलेला ग्रंथ, बेंथम-हूकरच्याच क्रमाने आहे. तो काय रद्दीत द्यायचा?

गंगापूररोडकर:
सर, थैल्या खऱ्याच. पण तो बदल अ‍ॅपोसायनेसीच्याच एका शाखेत झालाय. ती शाखा वेगळी काढली की मागे उरतं ते अर्धवट कूळ. पोटकूळ म्हणून ठेवा की, कोण नको म्हणतंय! आणि कमळाचं काय? बेंथम-हूकरने कमळ आणि कुमुदिनी एकाच कुळात टाकली. दोन्ही पाण्यात, दोन्हींची फुलं मोठी, झालं नातं! प्रत्यक्षात कमळ सिल्व्हर ओकच्या गणातलं (कुळाच्या वरचा गट) निघालं.

निफाडची बाग:
कुळाबिळाशी आम्हाला काय करायचंय, असं म्हणणार होतो. पण मास्तर, दिसतं त्यावर जायचं म्हटलं तर द्राक्षात माणूस बुडेल. भुरी आणि डावणी हे द्राक्षावरचे दोन रोग; भुरी पांढरी, डावणीही पांढरी. भुरी खरी बुरशी. डावणीला आपण बुरशी म्हणतो, पण तिचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी. म्हणून गंधकाने भुरी आटोक्यात येते, डावणीला त्याचं काही नाही. आणि डावणीचं औषध मेटॅलॅक्झिल भुरीवर मारलंत तर पैसे पाण्यात.

निवृत्त मास्तर:
अहो, पण ओळखलीत कशी? पानाच्या वर तेलकट पिवळा डाग आणि खालून पांढरी लव म्हणजे डावणी. राखेसारखी पूड म्हणजे भुरी. डोळ्यांनीच ना? पान लॅबला पाठवून निकालाची वाट बघत बसला असतात तर तोवर घड गेले असते.

निफाडची बाग:
ओळखली डोळ्यांनीच, हे खरंय. पण औषध कोणतं मारायचं ते तिचं नातं लागल्यावरच कळलं ना?

गंगापूररोडकर:
तेच तर. आणि सर, पाइन आंबा-नारळाच्या मध्ये का, ते राहिलंच.

निवृत्त मास्तर:
त्याचं समर्थन मीही करणार नाही. तेवढा गट उचलून बाहेर ठेवायचा आणि बाकीचं शिकवायचं. आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं, आणि आमची पोरं आजही अंजनेरीवर झाड बघून कूळ सांगतात. तुमच्या एपीजीवाल्यांना एकदा पाठवा वर, भिंग मी देतो.