‘दुसरा ध्यानचंद’ म्हणण्याआधी

नांदेडच्या मैदानावर चमकलेल्या तरुण हॉकी फॉरवर्डला (आघाडीच्या खेळाडूला) काहींनी ‘दुसरा ध्यानचंद’ म्हटले आहे. त्याच्या मनगटातील जादू मलाही मान्य आहे, परंतु ही तुलना मला पटत नाही. ध्यानचंद 1928, 1932 आणि 1936 ची ऑलिंपिक सुवर्णपदके गवतावर जिंकले. तेव्हा ऑफसाइडचा नियम (बचावपटूंच्या पुढे, गोलजवळ थांबून पास घेण्यास मनाई) होता, बदली खेळाडू नव्हता, आणि उड्या मारणारा चेंडू काठीला चिकटवून ठेवणे हेच मुख्य कसब मानले जाई. 1976 च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान आले, पुढे ऑफसाइड गेला, खेळाडू हवे तेव्हा आत-बाहेर होऊ लागले आणि वेग व दमसास यांना नवेच मोल आले. म्हणून तुलना करायचीच, तर ती खडकीच्या धनराज पिल्ले यांच्याशी करावी, कारण त्यांनी हे स्थित्यंतर स्वतः पेलले आणि 1992 ते 2004 अशी सलग चार ऑलिंपिक खेळली. तेवढे सातत्य या मुलाला अजून दाखवायचे आहे. (आपल्या मराठवाड्यातली बहुतेक मुले मातीवर शिकतात, त्यामुळे चेंडू अडवण्यात ती तरबेज असली तरी ओल्या टर्फवरचा (कृत्रिम मैदानावरचा) वेगवान पास त्यांना सुरुवातीला चकवतो.) या फॉरवर्डची खरी पारख टर्फवरच, चांगल्या बचावफळीसमोर होईल.