अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक कॅप्सूल घ्यावी, की ताक पुरे?

कृष्णाकाठ:
सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. लघवीच्या संसर्गावर डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलंय. औषधाच्या दुकानात त्याबरोबर प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी म्हणतात त्या जिवंत जीवाणूंच्या, कॅप्सूल दिल्या आणि "पोटासाठी चांगल्या, तीन महिने चालू ठेवा" म्हणाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीत त्या नाहीत. सासूबाई म्हणतात, मी रोज जेवताना ताक पिते, वेगळं काही नको. शिवाय मुलीला प्रोबायोटिक पेयाची ती छोटी आंबटगोड बाटली रोज हवी असते. हे सगळं घेण्यासारखं आहे का?

विरजण:
मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी तातडीचं. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि दही-ताक एका वेळी देऊ नका. दुधादह्यातलं कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं, मग ते रक्तात पुरेसं उतरत नाही आणि संसर्ग रेंगाळतो. गोळी ताकाच्या किमान दोन तास आधी द्या, नाहीतर ताकानंतर सहा तासांनी. जेवणातलं ताक आणि गोळी एकत्र जात असेल तर आजच वेळ बदला.

आता कॅप्सूल. पाकिटावर जीवाणूचं पूर्ण नाव बघा, वाणासकट (वाण म्हणजे एकाच जातीतला नेमका उपप्रकार). नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलं असेल तर काहीच कळत नाही, कारण एका वाणाचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर प्रयोग झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक ठरावीक वाण आठवडाभर पाजला, तर जंतुदोष आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण पुढच्याच वर्षी अमेरिकेत लहान मुलांच्या जुलाबांवर दुसरा एक नावाजलेला वाण वापरून पाहिला, तर काडीचाही फरक पडला नाही.

सासूबाईंच्या वयाचं म्हणाल, तर इंग्लंड-वेल्समध्ये ६५ वर्षांवरच्या, अँटिबायोटिक चालू असलेल्या जवळपास तीन हजार रुग्णांना जीवाणूंचं मिश्रण किंवा तुलनेसाठी जीवाणू नसलेली नुसती भुकटी दिली होती. २०१३ साली निकाल आला: दोन्ही गटांत जुलाब सारखेच. मुलांमध्ये मात्र अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब प्रोबायोटिकने कमी होतात, याला बरा आधार आहे. म्हणून मी सासूबाईंसाठी तीन महिन्यांचा खर्च करणार नाही. जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांना कळवा, ताप किंवा शौचात रक्त असेल तर लगेच.

ताक चालू ठेवा. घरच्या विरजणात नेमके कोणते जीवाणू किती ते सांगता येत नाही, पण ज्यांना दूध बाधतं त्यांनाही दही पचतं ते त्याच जीवाणूंमुळे. फक्त कढी करून उकळलीत की ते मेले, चव तेवढी उरते. इडली-आंबोळीचंही तेच.

भातुकली:
मुलीच्या बाटलीबद्दल. आमच्याकडच्या ६५ मिलीच्या बाटलीवर ६५० कोटी जीवाणू लिहिलेत आणि वाणाचं नावही आहे, ते चांगलंच. पण साखरेचा आकडाही तिथेच छापलेला असतो, तो वाचा. माझा मुलगा धडधाकट आहे, त्याला मी दहीभात देते. बाटली सणासुदीला.

कृष्णाकाठ:
विरजणताई, मनापासून आभार. गोळी खरंच जेवणाबरोबरच जात होती, आजपासून वेळ बदलली. कॅप्सूलच्या पाकिटावर वाणाचं नावच नाही, परत करते.

डोंगरवाट:
ताई, माझ्या मामांना कीमो चालू आहे, छातीत पोर्ट (औषध मोठ्या शिरेत सोडायची नळी) बसवलाय. जुलाबांवर कोणीतरी सॅकरोमायसिस बुलार्डी नावाच्या प्रोबायोटिकच्या पुड्या आणून दिल्यात. अँटिबायोटिकने ते मरत नाही म्हणतात, मग द्यायला हरकत नाही ना?

विरजण:
देऊ नका, आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारा. ते यीस्ट आहे, म्हणून जीवाणूंवरच्या औषधाने मरत नाही हे खरं. पण प्रतिकारशक्ती खालावलेली असताना आणि मोठ्या शिरेत नळी असताना तेच रक्तात शिरून गंभीर संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. पुडी त्यांच्या खाटेजवळ फोडूसुद्धा नका, भुकटी हाताला लागून नळीपर्यंत पोचते. आणि कीमोत जुलाब अंगावर काढू नका. दिवसातून किती वेळा होतात ते लिहून ठेवा आणि आत्ताच वॉर्डात फोन करा.