मदत हवी आहे: 14 ज्येष्ठ, लोअर बर्थ आणि एकच डबा

ग्रुपवर नुसत्या सीओईपीच्या (आमचं पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) बातम्या फॉरवर्ड करून झाल्या, आता आमच्या जुन्या वर्गाची हंपी सहल ठरलीये. पुणे ते हुबळी रेल्वेने, पुढे बस. थ्री एसी, सगळे साठीपुढचे.

अडचण अशी की ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा एका तिकिटावर एक किंवा दोघांनाच लागू होतो. म्हणजे 7 तिकिटं, आणि डब्यांची पांगापांग. सहा-सहा जणांची काढली तर मंडळी एकत्र, पण गुडघेदुखीवाले मिडल बर्थवर! ऑटो अपग्रेडची (जागा असल्यास आपोआप वरच्या श्रेणीत हलवण्याची) खूण काढणार आहोतच, नाहीतर मिळालेला बर्थही जायचा.

दोन-दोनच्या तिकिटांवर पसंतीचा डबा टाकला तर तो खरंच मिळतो का? की आरक्षण कार्यालयात यादीसह अर्ज देऊन ग्रुप बुकिंग करावं? बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, त्याआधी कळलं तर बरं.