बाबांच्या पोस्टपेड बिलात न घेतलेल्या सेवेचे पैसे. अपील कसं करावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

बाबा साताऱ्याजवळ गावी असतात. त्यांचं पोस्टपेड जुनं, महिन्याचं बिल करासकट पावणेपाचशेच्या आसपास. हल्ली ते हजाराच्या घरात जातंय. पहिल्या पानावर नुसता एकूण आकडा. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात ‘मूल्यवर्धित सेवा – गेम्स पॅक’, आठवड्याला ९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. बाबांचा फोन साधा बटणांचा, त्यावर नेट नाही. गेम कसला खेळणार?

१५५२२३ वर फोन करून पॅक बंद करून घेतला. कस्टमर केअरला तक्रार केली, डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) मिळाला. उत्तर आलं, ‘सेवा आपल्या संमतीनेच सुरू झाली आहे’, आणि तक्रार बंद. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे अशा सेवेला ग्राहकाची दोनदा संमती लागते. म्हणून त्या संमतीची तारीख, वेळ मागितली, तर म्हणे ‘सिस्टीममध्ये दिसतंय’.

बिलाची मुदत जवळ आलीये. बाबा म्हणतात, “भरून टाक बाई, नंबर बंद पडला तर पेन्शनचा मेसेज कुठं यायचा?” बँक, आधार, गॅस सगळं त्याच नंबरवर. नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करावा तर थकबाकी दाखवून अर्ज फेटाळतात. पण मुकाट्याने भरणं मला पटत नाही. गावातले किती म्हातारे दुसरं पान न उलटता पैसे भरत असतील!

वादातली रक्कम सोडून बाकीची भरता येते का? अपिलात काय जोडायचं? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, वाद नसलेली रक्कम लगेच भरा आणि त्याच दिवशी ईमेल टाका: डॉकेट नंबर, वादातली रक्कम, निकाल लागेपर्यंत ती थकबाकी धरू नये. तरी नंबर तोडायची धमकी आली, तर ‘हरकत नोंदवून भरत आहे’ असं लेखी कळवून भरा. नंबर घालवू नका.

मग कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. तक्रारीचं उत्तर आल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं, फी नाही, निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. आधीची साधी बिलं जोडा, हँडसेटचं मॉडेल लिहा. संमतीची नोंद दाखवा, एवढाच मुद्दा धरून ठेवा. ट्रायकडे थेट जाऊ नका, ते वैयक्तिक तक्रारी सोडवत नाहीत.

नाहीच जमलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नाहीतर ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी आयोगात चालत नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये चालतात असा निकाल दिलाय, तोही चोवीस हजारांवर गेलेल्या मोबाइल बिलाच्याच प्रकरणात.

धागाकर्ती

खूप आभार. ईमेल आजच टाकते. कनेक्शन बाबांच्या नावावर आहे, तर अपिलावर सही त्यांचीच लागेल ना? की अधिकारपत्र देऊन मी करू शकते?