मदत हवी आहे: छोट्या चार्टर शाळेचा अहवाल कसा वाचायचा? (टेक्सास)

नमस्कार. आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगी पाचवीत आहे, बालवर्गापासून एकाच चार्टर शाळेत. राज्य शाळांना ‘ए’ ते ‘एफ’ श्रेणी देतं. 2022 मध्ये या शाळेला ‘बी’ होता, 2025 मध्ये थेट ‘डी’. नवरा म्हणतो, सहावीला घराजवळच्या सरकारी शाळेत घालू. माझं मन तयार नाही, पण नुसत्या मायेपोटी तिला तिथेच ठेवणंही मला पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करा.

चार्टर म्हणजे साधारण आपल्याकडच्या अनुदानित शाळेसारखा प्रकार. संस्था खासगी, पैसा सरकारचा, फी नाही, अर्ज जास्त आले तर सोडत. टेक्सासमध्ये हा कायदा 1995 मध्ये आला. इथे चार्टर चालवणारी संस्था हाच एक स्वतंत्र शालेय जिल्हा (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळासारखा) धरतात. आमचा ‘जिल्हा’ म्हणजे दोन इमारती. धाकटी इमारत जुन्या सुपरमार्केटची, फरशीवर अजून रॅकच्या खुणा दिसतात. आणि तरी टेक्सास एज्युकेशन एजन्सीचा, म्हणजे टीईएचा अहवाल येतो तो दीड लाखाहून जास्त मुलं असलेल्या ह्यूस्टनच्या जिल्ह्याला येतो त्याच छापाचा.

पहिली अडचण इथेच आहे. गेल्या वर्षी तिसरीत 40 मुलं होती. दोन मुलं इकडची तिकडे झाली की 5 टक्के हलतात. लहान गटांच्या रकान्यात तर आकड्याऐवजी फुली असते, मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून. मग या टक्क्यांवर विश्वास किती ठेवायचा?

दुसरं, मुलं कोण आहेत. अर्ध्याहून जास्त मुलं सवलतीच्या जेवणाला पात्र आहेत, बऱ्याच घरांत स्पॅनिशच बोलतात. मुलीची जिवलग मैत्रीण तिसरीत आली तेव्हा तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. परवा आमच्या सोफ्यावर बसून ती माझ्या धाकट्याला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवत होती, अडली की बोट ठेवून अक्षरं जुळवत होती. राज्याच्या स्टार परीक्षेत मात्र ती अजून ‘अप्रोचेस’ या खालच्या पातळीलाच आहे, ‘मीट्स’ला, म्हणजे इयत्तेच्या अपेक्षित पातळीला, पोचलेली नाही. तिने दोन वर्षांत कापलेलं अंतर या अहवालात कुठे दिसतं का?

तिसरं, पैसा. माझी आई अनुदानित शाळेत शिक्षिका होती. पट टिकवायला मे महिन्यात दारोदार फिरायची, नाहीतर संचमान्यतेत पद जायचं. इथे पटही पुरत नाही, पैसा रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो. मुलगी तापाने घरी राहिली की नऊ वाजता ऑफिसातून फोन येतो, त्याचं कारण मला आत्ता कळलं. दर मुलामागचा मूळ आकडा 2019 पासून 6160 डॉलर होता, 2025 मध्ये त्यात 55 डॉलरची भर पडली. शिवाय चार्टरला मालमत्ता कर लावता येत नाही, त्यामुळे इमारतीचा बराचसा खर्चही याच पैशातून निघतो. बजेटच्या सभेला मी गेले होते. जेवणाच्या हॉलमध्ये आम्ही सहा पालक. संगीताचं पद रद्द झालं, चित्रकलेचं अर्ध्या वेळेचं झालं. मला फार वाईट वाटलं.

तर ‘डी’ म्हणजे शाळा खरंच बिघडली का? अहवालातलं नेमकं कोणतं पान बघू? अशा शाळेतून मूल काढलेलं किंवा मुद्दाम ठेवलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद – वऱ्हाडी_ऑस्टिन

ताई, मी सरकारी शाळेत गणित शिकवते, म्हणून लिहिते. 2022 चा ‘बी’ आणि 2025 चा ‘डी’ एका मापाने मोजलेले नाहीत. 2023 पासून निकष कडक झाले. उदाहरणार्थ, कॉलेज, नोकरी किंवा सैन्यासाठी तयार असलेल्या मुलांचं प्रमाण 60 टक्के असलं तरी आधी ‘ए’ मिळायचा, आता 88 लागतात. त्यावर कोर्टबाजी झाली, 2023 च्या श्रेणी एप्रिल 2025 मध्ये लागल्या आणि 2024 व 2025 या दोन्ही वर्षांच्या ऑगस्ट 2025 मध्ये एकदम. तो कॉलेज-नोकरीचा निकष वरच्या वर्गांचा, म्हणून तुमची मोठी इमारत बारावीपर्यंत असेल तर घसरण तिच्यामुळेही असू शकते. म्हणून जिल्ह्याचं अक्षर सोडा, मुलीच्या इमारतीचं बघा.

मैत्रिणीने कापलेलं अंतर अहवालातल्या ‘स्कूल प्रोग्रेस’ (प्रगती) या भागात दिसतं. निकाल आणि प्रगती यांतलं जे चांगलं असेल त्याला 70 टक्के वजन, उरलेलं 30 टक्के ‘क्लोजिंग द गॅप्स’ला, म्हणजे मुलांच्या वेगवेगळ्या गटांमधली दरी कमी करण्याला. निकाल कमी आणि प्रगती चांगली असेल तर तिथले शिक्षक काम करताहेत असं मी म्हणेन. दोन्ही कमी असतील तर तुमच्या मिस्टरांचं ऐका. एका वर्षावर जाऊ नका, तीन वर्षं शेजारी ठेवा. आणि तितक्याच आकाराच्या, तशाच मुलांच्या 40 शाळांचा तुलना-गट टीईए काढते, त्याच्याशी ताडून बघा.

मी स्वतः सगळ्यात आधी शिक्षकगळतीचा आकडा बघते. दर वर्षी निम्मे शिक्षक बदलत असतील तर बाकी काही वाचायची गरज नाही. ‘फर्स्ट’ नावाचं आर्थिक मानांकनही बघा. शैक्षणिक किंवा आर्थिक श्रेणीत लागोपाठ तीन वर्षं नापास झालं की चार्टर, म्हणजे शाळेचा परवाना, रद्द होतो, 2013 पासून तसा कायदाच आहे. ‘डी’ म्हणजे अजून नापास नाही.

धागाकर्ती

खूप खूप आभार! रात्री दोघांनी बसून पाहिलं. धाकट्या इमारतीची प्रगती ‘बी’ आहे, घसरण मोठ्या इमारतीत आहे. पण सहावी मोठ्या इमारतीतच भरते, म्हणजे प्रश्न तिथेच आला. शिक्षकगळतीचा आकडा जिल्ह्याचा एकच दिलाय. शुक्रवारी मोठ्या इमारतीच्या प्राचार्यांची वेळ घेतली आहे. सहावीला गणित आणि इंग्रजी कोण शिकवणार, ते किती वर्षं तिथे आहेत, हे थेट विचारलं तर चालतं का?