विषय: मागच्या अंगणातल्या जांभळाचा जुना फोटो हवाय

मंडळी,

मुलुंडची आपली सोसायटी पुनर्विकासाला निघालीय हे सगळ्यांना ठाऊक आहेच, तुमच्यातल्या निम्म्यांची संमतीपत्रं कुरिअरने येऊन पोचलीसुद्धा. परवा जांभळावर महापालिकेची नोटीस चिकटलेली दिसली. खळ अजून ओली होती, कागदाच्या कडेने मुंगळे चढत होते. हरकतीला सात दिवस, आज तिसरा.

बिल्डरच्या माणसाने यादीत जांभळाचं वय ‘अंदाजे 35’ टाकलंय. मेख इथेच आहे. 1975च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात 2021मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नाशी गाठलेलं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरलं. शिवाय झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, तीही 6 ते 8 फुटी. वय उतरवलं की वारसाही जातो आणि खर्चही वाचतो. तेव्हा माळे उपसा, आल्बम काढा. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर सोन्याहून पिवळं.

– तळमजल्यावरची काकू

काकू,

याच जांभळावरून पडून 1979ला माझा हात मोडला, प्लॅस्टरवर अख्ख्या बिल्डिंगने सह्या केल्या होत्या. हे ‘35’वाल्याला सांगा! पण झाड मुळासकट उचलून दुसरीकडे नाही का लावता येत? 2019च्या ऑक्टोबरात आरेत 2,141 झाडं पडली तेव्हा इथे बसून किती तावातावाने लिहीत होतो आपण. या वेळी संमतीपत्रावर माझीच सही आहे, ते जरा टोचतंय.

– न्यू जर्सीहून

नमस्कार,

थोडं कडू बोलतो. माझी आई 81 वर्षांची, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गेल्या दिवाळीपासून ती खाली उतरलेली नाही. एका जांभळापायी काम वर्षभर लांबलं तर तिला उत्तर कोण देणार?

– सिंगापूर

अरे, तिला रोज दूध मीच नेऊन देते, माझ्या गुडघ्यांना विचार! काम थांबवा असं मी म्हटलेलंच नाही. नकाशा पाहिलास का? जांभूळ इमारतीच्या पायात येत नाही, तळघरातल्या पार्किंगच्या उताराच्या तोंडाशी येतं. उतार दुसऱ्या अंगाने घ्या, इतकंच हरकतीत लिहिलंय. आणि न्यू जर्सी, एवढ्या मोठ्या झाडाची मुळं छाटून, फांद्या खुंटून ते हलवलं की बहुतेकदा नुसता खांब उरतो. मागच्या गल्लीतला पिंपळ तसाच उभा आहे, पानाविना.

– काकू

काकू, सापडला! मे 1973, दादाची मुंज. मुंडावळ्या बांधलेला बटू, मागे पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टेकलेलं जांभूळ, आणि बेचक्यात धुणं वाळत घालायची तार. स्कॅन जोडलाय.

– न्यू जर्सी

तार अजून तिथेच आहे रे, सालीने गिळलीय, फक्त एक टोक बाहेर डोकावतं. आजच तिचा फोटो काढला. दोन्ही फोटो जोडून उद्या सकाळी महापालिकेच्या ‘टी’ वॉर्ड ऑफिसात हरकत देते आणि पोच घेते. तुझा मूळ फोटो मात्र जपून ठेव, खिडकीवरचा माणूस मागेलच. आणि सिंगापूर, आईला विचार, 1973ला त्या तारेवर कोणाचं लुगडं वाळत होतं.

– काकू